ट्रकचं भाडं ठरवताना काय पक्कं करावं? दौंड-शिरूरच्या गाडीमालकांसाठी माहिती

दौंड : ऊस आणि साखर, केडगाव बाजारातला कांदा, कुरकुंभ व रांजणगाव एमआयडीसीतला माल, दौंड-शिरूर पट्ट्यात ट्रकला काम आहे. तरीही एक-दोन गाड्या असलेल्या मालकाच्या हातात बऱ्याचदा हप्त्यापुरतंही उरत नाही. कारण तोटा टनाच्या दरात कमी आणि दर ठरवताना न बोललेल्या गोष्टींत जास्त असतो.

परतीचा हिशेब आधी
कांदा घेऊन बेंगळुरूला गेलेली गाडी रिकामी परतली, तर डिझेल, टोल आणि ड्रायव्हरचा भत्ता जातानाच्या भाड्यातूनच जातो. म्हणून भाडं जाऊन-येऊन किलोमीटरवर काढा. परतीचा माल हमखास असेल तरच दर खाली आणा.

बिल्टीवर काय हवं?
भाडं, ॲडव्हान्स, बाकी रक्कम किती दिवसांत मिळणार, हमाली व वाराई कोणाची, आणि गाडी खाली व्हायला उशीर झाला तर दिवसाचा थांबा किती, हे सगळं लेखी घ्या. कांद्याचं वजन वाटेत घटतं. त्यामुळे किती घट मान्य, तेही आधीच ठरवा. नाहीतर ती भाड्यातून कापली जाते. पोच पावतीवर सही-शिक्का आणि गाडी पोहोचल्याची वेळ घ्या.

जादा माल परवडत नाही
2018 च्या बदलानंतर तीन ॲक्सलच्या दहा चाकी ट्रकला गाडीसह 28.5 टन वजनाची मुभा आहे. त्यापुढे कायद्यात 20,000 रुपये आणि प्रत्येक जादा टनाला 2,000 रुपये दंड आहे. म्हणजे तीन टन जादा भरले तर 26,000 रुपये. जादा माल उतरवायचा खर्च वेगळाच. दोन-तीन टनांच्या भाड्यात हे भरून निघत नाही.

कागदपत्रं
ताज्या कांद्याला ई-वे बिल लागत नाही. साखरेला मूल्याच्या मर्यादेपुढे लागतं. साध्या ट्रकसाठी ते दर 200 किलोमीटरला एक दिवस चालतं. गाडी बंद पडली तर मुदत संपण्याच्या आठ तास आधी किंवा नंतर ते वाढवता येतं. वर्षभरात दहापेक्षा जास्त मालवाहू गाड्या नसतील, तर पॅन आणि तसं लेखी निवेदन दिल्यावर भाड्यातून टीडीएस कापला जात नाही.

उसाचा करार
सगळ्यात मोठी जोखीम इथंच. तोडणी-वाहतुकीचा करार गाडीमालकाच्या नावावर होतो. कारखान्याकडून मिळालेली उचल तो मुकादमाला देतो, त्यात कधी पदरचे पैसेही घालतो. टोळी आलीच नाही, तर कारखान्याचं देणं मालकाच्या डोक्यावर राहतं आणि हंगामभर गाडीही उभी राहते. त्यामुळे उचल रोख न देता बँकेतून, टप्प्याटप्प्यानं द्या. मुकादमाशी वेगळा लेखी करार करा. टोळीतल्या प्रत्येकाचं नाव व ओळखपत्र घ्या आणि त्याच टोळीनं दुसऱ्या कोणाची उचल घेतली आहे का, याची गावात जाऊन खात्री करा.

उचल देण्याआधी करार कोणाकडून तरी नीट वाचून घ्या. टोळी न आल्यास वसुली कशी होणार, हे कलम नक्की पाहा. एका हंगामाची उचल बुडाली की ती फेडण्यात पुढचे हंगाम जातात.