उंबरमाळीचा चढ आणि घरची मोटार

मुंबईहून आग्रा रस्त्यानें नाशिककडे निघालेल्या प्रवाशानें खर्डी मागें टाकली, म्हणजे जमिनीचा स्वभाव बदलूं लागतो. रस्ता अजून घाटांत शिरलेला नसतो. परंतु डोंगर जवळ सरकलेले असतात, आणि चाकाखालीं चढ आहे हें डोळ्यांच्या आधीं इंजिनाला कळतें. या टापूंत शहापूर तालुक्यांतील उंबरमाळी हें गांव आहे. आगगाडीच्या वेळापत्रकांत खर्डी आणि कसारा या दोन स्थानकांच्या मध्यें त्याचें नांव सांपडतें. इतिहासाच्या क्रमिक पुस्तकांत सांपडत नाहीं. तरीहि, श्रोतेहो, मोटारीच्या इतिहासाचें एक प्रकरण याच चढावर घडलें आहे. गिरगांव-दादरच्या अंगणांत रविवारीं घरच्या घरीं केलेल्या दुरुस्तीची परीक्षा मे महिन्याच्या सुटींत येथें होत असे. मालक उत्तीर्ण झाला तर मोटार कसाऱ्याकडे जाई. नापास झाला तर टोपण उघडून रस्त्याच्या कडेला उभी राही.

आगगाडीनें हा डोंगर फार पूर्वीं जिंकला. १८५३ च्या एप्रिलांत बोरीबंदराहून ठाण्यास पहिली गाडी गेली आणि १८६५ च्या आरंभीं थळ घाटाचा लोहमार्ग खुला झाला. कसाऱ्यापासून इगतपुरीपर्यंत नऊ मैलांहून किंचित् अधिक अंतरांत तो ९७२ फूट वर चढतो. त्याचा सर्वांत कठीण चढ सदतीस फुटांस एक फूट असा आहे. म्हणून कसाऱ्यास गाडीला मागून ढकलणारीं जादा इंजिनें जोडण्याची वहिवाट पडली, आणि ती आजहि सुटलेली नाहीं. मोटारीला अशी सोय कोठून असणार? तिच्या मागें जोडावयाचीं इंजिनें म्हणजे मालकाचा मेहुणा, दोन शाळकरी मुलें आणि वाटेनें जाणारे चार ठाकर किंवा कातकरी.

मुंबईच्या रस्त्यांवर मोटार अवतरली ती एकोणिसाव्या शतकाच्या अगदीं अखेरीस. तिच्या पहिल्या हिंदी मालकांत जमशेटजी टाटा यांचें नांव घेतात. त्या पिढीच्या धनिकांना दुरुस्तीचा प्रश्न पडलाच नाहीं. घोडा आजारी पडला तर त्याची नाडी धनी पाहत नसे, तसेंच मोटारीचें. घरीं घरीं दुरुस्ती सुरू झाली ती मोटार मध्यमवर्गांत उतरली तेव्हां. १९२६ सालीं फोर्डची हिंदी कंपनी निघाली. १९२८ सालीं जनरल मोटर्सनें शिवडीस कारखाना घालून परदेशांतून पेट्यांत भरून आलेले भाग तेथें जोडण्यास आरंभ केला. डॉक्टर, वकील, बांधकामाचे कंत्राटदार अशीं माणसें फोर्ड, शेव्हरोले किंवा ‘बेबी ऑस्टिन’ घेऊं लागलीं. यांना मोटार परवडे. मोटारीसह शोफर परवडत नसे. तेव्हां मालक स्वतःच शोफर झाला आणि लवकरच स्वतःचा मिस्त्रीहि झाला.

यांत एक अडचण होती, आणि ती यंत्राची नव्हती. आपल्या पांढरपेशा समाजांत हात काळे होणें हें शिक्षण वायां गेल्याचें लक्षण समजलें जाई. लक्ष्मणराव किर्लोस्करांनीं १८८८ सालीं बेळगांवांत सायकलींचें दुकान काढलें, त्या काळीं शिकलेल्या ब्राह्मणानें पाना हातीं धरणें ही नवलाची गोष्ट होती. चाळीस-पन्नास वर्षांनंतरहि तें नवल पुरतें ओसरलें नव्हतें. मोटारीखालीं उताणा पडलेला वकील अशिलानें पाहूं नये म्हणून अंगणाचें फाटक लावून घेतलें जाई. मला वाटतें, मोटारीनें आपल्या घरांना दिलेला खरा धडा हाच होय. वेगाचें कौतुक त्यामानानें गौण आहे.

आतां या रविवारच्या समारंभाचें वर्णन केल्याशिवाय पुढें जातां येत नाहीं. अंगणांत जुनें धोतर अंथरलेलें असे. सुटे केलेले स्क्रू आणि वॉशर ठेवण्यासाठीं स्वयंपाकघरांतून वाटी आणलेली असे, आणि नेमकी तीच वाटी वरणासाठीं हवी म्हणून आंतून हांक येई. थोरल्या मुलाकडे उजेड धरण्याचें काम असे. त्याचें लक्ष पतंगाकडे गेलें कीं उजेड कार्ब्युरेटरवरून बापाच्या नाकावर येई, आणि मग इंजिनाला उद्देशून योजलेले शब्द मुलाला ऐकावे लागत. काम बहुधा दहा मिनिटांचें म्हणून आरंभिलें जाई. दहा मिनिटांचा एक नट गंजलेला निघे. तो सोडवितांना दुसरा तुटे. तिसरा हातांतून निसटून इंजिनाखालच्या पन्ह्यांत पडे आणि तेथून तो कोणत्याहि हत्यारानें निघत नसे. दिवेलागणीस सारें परत बसवून झालें म्हणजे वाटींत एक वॉशर शिल्लक उरे. तो कोठला, हा प्रश्न घरांत दोन दिवस चाले. गाडी सुरू झाली तर तो मूळ कारखानदारानेंच जास्त घातला होता, असें ठरे.

या विद्येचीं कांहीं सूत्रें मात्र खरीच उपयोगी होतीं. कार्ब्युरेटरच्या जेटमध्यें कचरा अडकला तर तोंडानें फुंकावें. तार घालूं नये, कारण छिद्र केंसाएवढें जरी रुंदावलें तरी पेट्रोल जास्त जातें आणि गाडी काळा धूर ओकते. पॉइंटांमधील फट मोजण्याचें माप नसेल तर भेटीचें जाड कार्ड घालून पाहावें. वकिलांच्या कार्डांचा असा उपयोग बराच झाला आहे. हॅन्डल मारतांना अंगठा चार बोटांच्याच बाजूस ठेवावा. त्याची मूठ वळूं नये. इंजिन उलटें फिरलें तर मूठ वळणाऱ्याचें मनगट मोडे, आणि डॉक्टर मालकांपैकीं कित्येकांना या सूत्राचें महत्त्व आपल्या रोग्यांवरून कळलें असेल. चार शिलिंडरांच्या बहुतेक मोटारींत ठिणगीचा क्रम एक, तीन, चार, दोन असा असतो. प्लग साफ करून तारा परत लावतांना हा क्रम चुकला, म्हणजे धुराड्यांतून तोफ उडे. मग वाडींतील सगळ्या खिडक्या उघडत आणि प्रत्येक खिडकींतून एकेक सल्ला येई.

आतां उंबरमाळीकडे परत येऊं. १९०८ पासून १९२७ पर्यंत निघालेली फोर्डची ‘मॉडेल टी’ ही मोठी गुणी गाडी. तिच्या दीड कोटीहून अधिक प्रती झाल्या. परंतु तिच्यांत पेट्रोल चढविणारा पंप नव्हता. बैठकीखालच्या टाकींतून पेट्रोल आपल्या वजनानें इंजिनाकडे वाहत जाई. टाकी अर्धीअधिक रिती असली आणि रस्ता उभा चढला, कीं इंजिन टाकीहून उंच होई व पेट्रोल पोहोंचेना. यावर उपाय एकच, गाडी फिरवून उलटी चढवावयाची. या गाडीचा उलटा गिअर अधिक जोरकसहि होता. म्हणजे नाशिकास जावयाचें तें मुंबईकडे तोंड करून! जगांतील डोंगराळ मुलखांत या गाडीच्या मालकांनीं हा विधि केलेला आहे. घरच्या दुरुस्तीनें येथें कांहीं साधत नसे, कारण बिघाड मुळांत नव्हताच. तरीहि टोपण उघडून अर्धा तास आंत पाहिल्याशिवाय कोणी मालक गाडी फिरविण्यास तयार होत नसे.

पुढच्या गाड्यांत पंप आले आणि त्यांच्यासंगें नवें दुखणें आलें. उन्हाळ्यांत चढावर इंजिन तापलें कीं नळींतील पेट्रोलची वाफ होऊन ती तेथेंच अडून बसे, आणि पंप वाफेवर फुकट आपटत राही. त्यावर ओला फडका पंपावर ठेवून स्वस्थ बसावें, एवढेंच औषध. ज्वराच्या रोग्याच्या कपाळावर पट्टी ठेवण्याचाच हा प्रकार. रेडिएटर झिरपूं लागला तर त्यांत हळद टाकावी, पेट्रोलची टाकी गळूं लागली तर तिला धुण्याचा साबण फांसावा. हीं औषधें हातपुस्तकांत नाहींत. तीं फराळाच्या डब्याशेजारीं घरच्या बाईनें बांधून घेतलेलीं असत, आणि तिच्या दूरदृष्टीचें श्रेय परतल्यावर मालकच घेई.

रेडिएटरला पाणी मात्र घरून पुरत नसे. येथें या विनोदी इतिहासांतील न हंसण्याजोगा भाग येतो. शहापूर तालुका हा मुंबईच्या घशाचा धनी आहे. तानसा तलावाचें पाणी १८९२ पासून मुंबईस जातें. पुढें वैतरणा आणि भातसा यांवर धरणें झालीं. आणि याच तालुक्यांतील कित्येक पाड्यांना उन्हाळ्यांत टँकरची वाट पाहावी लागते. जो मोटारवाला एप्रिल-मेच्या उन्हांत रस्त्याकडेच्या झोंपडीशीं जाऊन “मावशी, गाडीसाठीं बादलीभर पाणी द्या हो,” असें म्हणे, त्याच्या हें ध्यानांतहि नसे कीं ती बादली डोक्यावरून आणलेली आहे. ती बाई बहुधा पाणी देई. आमच्या मोटारप्रवासाच्या आठवणींत डोंगर असतात, बिघाड असतात, स्वतःच्या हिकमती असतात. त्या बाईचें नांव कोणी विचारल्याचें ऐकिवांत नाहीं. त्यांतून अर्धें पाणी वायां जाई तें वेगळेंच, कारण उकळत्या रेडिएटरचें झांकण घाईनें उघडलें म्हणजे वाफेचा फवारा उडे, आणि तापलेल्या इंजिनांत एकदम गार पाणी ओतलें म्हणजे बिडाला तडा जाण्याची भीति असे.

आणखी एक जुना अपराध सांगून ठेवतों. चढावर गाडी थांबली कीं मागच्या चाकास धोंडा लावावा लागे. गाडी सुरू झाली कीं आनंदाच्या भरांत धोंडा तेथेंच राही, आणि रात्रीं येणाऱ्या बैलगाडीच्या किंवा लॉरीच्या वाट्यास तो येई. दुरुस्ती येणें निराळें आणि रस्त्यावर वागणें येणें निराळें.

दुसऱ्या महायुद्धांत पेट्रोलचें रेशनिंग आलें, आणि लॉऱ्यांच्या व कित्येक मोटारींच्या पाठीशीं कोळशाच्या गॅसची भट्टी बसली. लांकडी कोळसा अपुऱ्या हवेंत जाळून जो वायु निघतो त्यावर इंजिन चालतें, पण त्याचा जोर पुष्कळच घटतो. ज्या ठाणें जिल्ह्याच्या रानांत कातकरी कोळशाच्या भट्ट्या लावीत, त्याच रानांतून या गाड्या धापा टाकीत जात. हात काळे होण्याची लाज तेव्हां कायमची गेली असावी, कारण आतां तोंडहि काळें होऊं लागलें. गाळणी साफ करणें, राख काढणें, पंखा फिरवून भट्टी पेटविणें हा रोजचाच संसार झाला. हा वायु विषारी असल्यामुळें बंद मोटारखान्यांत भट्टी पेटती ठेवणें जिवावरचें होतें. घरच्या दुरुस्तींतील धोका येथें चेष्टेचा राहिला नाहीं.

स्वातंत्र्यानंतर हा छंद गरज बनला. १९५३ सालच्या टॅरिफ कमिशनच्या अहवालानंतर, नुसते भाग जोडणाऱ्या परदेशी कारखान्यांना येथें थारा उरला नाहीं. फोर्ड आणि जनरल मोटर्स यांनीं आपापलीं बिऱ्हाडें आवरलीं. वालचंद हिराचंद यांनीं १९४४ सालीं स्थापिलेल्या प्रीमियर कंपनीच्या कुर्ल्याच्या कारखान्यांतून फियाट निघूं लागली. तिलाच पुढें पद्मिनी हें नांव मिळालें. नवी गाडी नंबर लावून वर्षानुवर्षें मिळत नसे, म्हणून जुनी मरूं देणें शक्य नव्हतें. एक फियाट बापाकडून मुलाकडे जाई, आणि तिच्याबरोबर पान्यांची पेटी व दुखण्यांचा इतिहासहि जाई. मुंबईच्या टॅक्सींतून ती २०२३ च्या ऑक्टोबरांत शेवटची उतरली.

या काळांत रस्त्याच्या कडेस जो मिस्त्री उभा राहिला त्याच्याविषयीं मध्यमवर्गानें थट्टाच अधिक केली आहे. शाळा अर्धी सोडलेला तो पोरगा टोपणाला कान लावून व्हॉल्व्ह वाजतो कीं बेअरिंग हें सांगे. मालक तीन रविवार हातपुस्तक वाचून तेथवर पोहोंचत नसे. आपला जो छंद, तें त्याचें पोट होतें. मालकानें आधीं घरीं करून बिघडविलेलें काम निस्तरावयाचें, शिवाय घासाघीस ऐकावयाची, असें दुहेरी काम त्याच्या वाट्यास येई.

१९८३ च्या डिसेंबरांत मारुती आली, आणि २००० सालाच्या सुमारास धुराचे नियम कडक झाल्यावर कार्ब्युरेटर गेला, पॉइंट गेले. आतांच्या गाडीचें टोपण उघडलें तर आंत काळ्या झांकणाखालीं दुसरें झांकण असतें. बिघाड काय आहे हें संगणक जोडल्याशिवाय ती बोलत नाहीं. २०२५ च्या जूनमध्यें समृद्धि महामार्गाचा इगतपुरी ते आमणें हा अखेरचा टप्पा खुला झाला. तेथें सुमारें आठ किलोमीटरच्या बोगद्यांतून मोटारी डोंगराच्या पोटांतूनच पार होतात. गाड्या अधिक चांगल्या झाल्या यांत शंका नाहीं. भर उन्हांत लहान मूल घेऊन रस्त्यावर ताटकळण्यांत काव्य होतें असें मीं तरी कधीं मानलें नाहीं.

परंतु उघडतां न येणारें यंत्र हें केवळ मोटारवाल्यांचें दुःख नव्हे. केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार खात्यानें २०२२ च्या जुलैमध्यें दुरुस्तीच्या हक्कासाठीं एक समिति नेमली आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरांत त्यासाठीं संकेतस्थळ उघडलें. त्यांत चार क्षेत्रें घेतलीं आहेत: शेतीचीं अवजारें, फोन व विजेचीं उपकरणें, घरगुती वापराच्या टिकाऊ वस्तू, आणि मोटारगाड्या. यांतील पहिलें नांव शहापूर-मुरबाडकडील भातशेतकऱ्याच्या अधिक जवळचें आहे. त्याचा पाण्याचा पंप किंवा झोडणीचें यंत्र ऐन हंगामांत अडलें, आणि त्याचा सुटा भाग व तें उघडण्याची रीत कंपनीनें आपल्यापाशींच ठेवली, तर त्याला तो रविवारपर्यंत थांबवून ठेवतां येत नाहीं.