बोरघाटातला थकलेला पगार

स्मरणिकेच्या संपादक मंडळाने मला बजावले होते, "तू इतकी वर्षे बांधकामात आहेस, तर त्यावर लिही. पण इतिहासाच्या अंगाने लिही, नाहीतर कुणी वाचणार नाही." सिमेंट आणि सळईवर खरोखरच कुणी वाचणार नाही. म्हणून पैशावर लिहितो. तोही किती लागतो यावर नाही, तर कधी लागतो यावर. बांधकामाच्या इतिहासात या 'कधी'ने जेवढी कामे बुडवली, तेवढी पावसाने किंवा कातळानेही बुडवली नसतील.

उदाहरण आपल्या सगळ्यांच्या ओळखीचे घेतो. कर्जत सोडल्यावर गाडीला मागून इंजिन लागते आणि बोगद्यांची रांग सुरू होते. शाळेच्या कार्ल्याच्या सहलीत आपण ते बोगदे मोजायला बसलो होतो आणि दर वेळी प्रत्येकाचा आकडा वेगळा आला होता. तो बोरघाट बांधला कसा, हे इतिहासाच्या पुस्तकात दोन ओळींत होते. त्या दोन ओळींच्या मागे एका थकलेल्या पगाराची गोष्ट आहे. ती मला बांधकामात पडल्यावर, जुनी पुस्तके चाळताना सापडली.

ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे ही कंपनी १८४९ मध्ये इंग्लंडमध्ये स्थापन झाली. भांडवल तिथल्या भागधारकांचे. त्यांनी हजारो मैलांवरच्या डोंगरात पैसा का घालावा? कारण ईस्ट इंडिया कंपनीने त्यांना ५ टक्के व्याजाची हमी दिली होती. रेल्वे चालो न चालो, व्याज मिळणारच, आणि कमी पडले तर ते हिंदुस्थानच्या महसुलातून भरले जाणार. म्हणजे पैशाच्या साखळीचे वरचे टोक पहिल्या दिवसापासून पक्के बांधलेले होते.

१६ एप्रिल १८५३ रोजी मुंबई–ठाणे गाडी धावली. पुढे १८५६ मध्ये रूळ घाटाखाली खोपोलीपर्यंत पोचले आणि १४ जून १८५८ रोजी घाटावरून खंडाळा–पुणे मार्गही सुरू झाला. मधला घाट तेवढा राहिला. प्रवासी खोपोलीला उतरायचे, पालखीने किंवा तट्टावरून खंडाळ्याला चढायचे आणि पुन्हा गाडीत बसायचे. आमच्या धंद्यातला माणूस हे वाचून लगेच ओळखतो, की दोन्ही बाजूंना पैसा घालून झाला आहे, त्यावर व्याज चढते आहे आणि मधला पंधरा-सोळा मैलांचा तुकडा पुरा होईपर्यंत पूर्ण कमाई सुरू होणार नाही. अशा वेळी सगळे एकच गोष्ट सांगतात : घाई करा.

ही घाई ज्याच्या अंगावर होती तो ठेकेदार म्हणजे विल्यम फेव्हिएल. मुंबई–ठाणे मार्गाच्या पहिल्या कामात तो होताच. घाटाचे काम त्याने जानेवारी १८५६ मध्ये सुरू केले. काम केवढे? सुमारे १,८३० फुटांची चढण, २५ बोगदे आणि त्याखेरीज मोठमोठे दगडी पूल. सुरुंगाची दारू, पहारी, टोपल्या आणि माणसे, एवढीच साधने. पावसाळ्यात उघड्यावरचे काम जवळजवळ थांबायचे आणि बरेच मजूर पेरणीला घरी जायचे. पाऊस संपला की पुन्हा माणसे गोळा करायची. पैशाची साखळी अशी होती : कंपनी, तिच्याखाली ठेकेदार, त्याच्याखाली पोटठेकेदार, त्याच्याखाली मुकादम आणि सगळ्यांत शेवटी मजूर. वरून निघालेला रुपया प्रत्येक पायरीवर थोडा थांबायचा आणि थोडा झिजायचा.

जानेवारी १८५९ मध्ये घाटात दंगल झाली. मजुरी वेळेवर आणि पुरती मिळत नाही, हे तिच्या मुळाशी होते. चिडलेल्या मजुरांनी कामावरच्या युरोपियनांवर हल्ला केला आणि सरकारला चौकशी करावी लागली. त्यानंतर दोनच महिन्यांत फेव्हिएलने काम सोडले. पुढच्या वर्षी, १८६० मध्ये, रेल्वे आणि सार्वजनिक कामांवरचे मजुरीचे तंटे झटपट निकालात काढण्यासाठी कायदा झाला. मात्र ठरलेले काम सोडून जाणाऱ्या मजुराला शिक्षा करण्याची सोयही त्याच कायद्यात होती! त्याच काळात भागधारकांच्या व्याजाला मात्र सरकारची हमी कायम होती. एकाच कामातल्या दोन टोकांना पैसा कसा वेगवेगळ्या वेळी पोचतो, याचे याहून स्पष्ट चित्र मला दुसरे दिसले नाही.

फेव्हिएलनंतर काही महिने कंपनीच्या अभियंत्यांनी काम चालवले. मग सॉलोमन ट्रेडवेल हा ठेकेदार इंग्लंडहून आला आणि थोड्याच दिवसांत आजारी पडून वारला. काम पुन्हा बंद पडायची वेळ आली तेव्हा त्याची पत्नी ॲलिस ट्रेडवेल हिने ठेका स्वतःच्या अंगावर घेतला. ॲडमसन आणि क्लाउझर या दोन अनुभवी माणसांना तिने देखरेखीला नेमले. १८६१ च्या सुमारास या घाटात ४२,००० माणसे राबत होती.

या आकड्यापाशी मी दर वेळी थांबतो. माणशी रोज चार आणे धरले, तर एका दिवसाची मजुरी १०,५०० रुपये होते आणि सहा दिवसांच्या आठवड्याची ६३,०००. त्या काळी मजुरी म्हणजे नाणी. चांदीचा रुपया एक तोळ्याचा, म्हणजे सुमारे साडेअकरा ग्रॅमचा. एका आठवड्याची मजुरी रुपयांतच द्यायची म्हटले, तर सातशे किलोहून जास्त चांदी घाट चढून न्यायची. मजुराच्या हाती पडायची ती सुटी खुर्दा, म्हणजे वजन आणखी वाढणार. हे दर आठवड्याला करायचे आणि एखादा आठवडाही चुकवायचा नाही. बोगदा खणण्याइतकेच हेही काम होते. २१ एप्रिल १८६३ रोजी गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर यांच्या हस्ते घाटमार्गाचे उद्घाटन झाले. त्या दिवशी बोगद्यांचे आणि पुलांचे कौतुक झाले असणार, ते योग्यच होते. हजेरीपट सांभाळणाऱ्या कारकुनांचे कुणी केले असेल असे वाटत नाही.

आता कुणी म्हणेल, ठेकेदाराकडे पैसा असतोच, त्याने थोडे थांबायला काय हरकत आहे? म्हणून अगदी साधा हिशोब मांडतो. गणिताच्या सरांनी तपासावा. एक कोटीचे काम, दहा महिन्यांचे. दर महिन्याला दहा लाखांचे काम होते, त्याला खर्च नऊ लाख. महिनाअखेर मोजमाप होते, मोजमाप पुस्तकात नोंद होते, बिल जाते आणि पैसे दोन महिन्यांनी येतात. म्हणजे पहिला रुपया हाती येण्याआधी ठेकेदाराचे तीन महिन्यांचे २७ लाख जमिनीत गेलेले असतात. पहिले बिल आले की त्यातून ५ टक्के अनामत कापून साडेनऊ लाख मिळतात आणि त्याच महिन्यात पुढचे नऊ लाख जातात. घातलेला पैसा काम संपेपर्यंत मोकळा होत नाही. हा पैसा शेकडा दोनच्या मासिक व्याजाने उचललेला असेल, तर वर्षभरात सुमारे चार लाख व्याज जाते. कागदावरचा नफा दहा लाख. त्यातले पाच लाख अनामतीत अडकलेले, चार लाख सावकाराचे. हातात उरतो एक लाख. आणि हा हिशोब बिल दोनच महिन्यांत मिळाले असे धरून केला आहे. ते सहा महिने लांबले तर? कामात एक पैशाचाही तोटा नसताना ठेकेदार बुडतो. फायदा वहीत असतो, पण शनिवारी लागते ती रोकड.

कारण साइटवरचा शनिवार कुणासाठी थांबत नाही. दुसऱ्या दिवशी बाजार असतो आणि मजुराला खर्ची द्यावी लागते. सिमेंटवाला महिनाभर थांबतो, सळईवाला ओळखीवर थांबतो, पण ज्याच्या घरी पीठ संपले आहे तो थांबू शकत नाही. एका सरकारी कार्यालयाकडे माझे एक बिल अकरा महिने पडून होते. मोजमाप झालेले, सह्या झालेल्या, फक्त निधी आलेला नाही. त्या काळात मराठवाड्यातून आलेली, माझ्याकडे सात वर्षे असलेली एक टोळी निघून गेली. भांडण नाही, तंटा नाही. मुकादम एवढेच म्हणाला, "दादा, तुमचं खरं आहे, पण पोरांना काय सांगू?" बिल शेवटी पूर्ण मिळाले. टोळी परत आली नाही.

स्वातंत्र्यानंतर हा प्रश्न सुटला का? काही ठिकाणी त्यावर शहाणपणाने विचार झाला. १९९० मध्ये कोकण रेल्वेसाठी स्वतंत्र महामंडळ झाले. त्यात भारतीय रेल्वेचा वाटा ५१ टक्के, महाराष्ट्राचा २२, कर्नाटकाचा १५, गोवा आणि केरळचा प्रत्येकी ६. उरलेला मोठा पैसा कर्जरोख्यांतून उभारला. दरवर्षीच्या अर्थसंकल्पातून थोडे थोडे पैसे मिळायची वाट पाहिली असती, तर आपल्या हयातीत ती गाडी धावली नसती. कर्जाच्या पैशाला मात्र व्याजाचे घड्याळ असते. गोव्यात मार्गावरून वाद होऊन काम रखडले किंवा पेडण्याच्या बोगद्यात माती ढासळली, तरी ते घड्याळ चालूच राहते. म्हणूनच ई. श्रीधरन यांनी वेळेवर जसा कटाक्ष ठेवला, तसाच ठेकेदारांची देयके लवकर चुकती करण्यावरही. २६ जानेवारी १९९८ पासून संपूर्ण मार्ग सुरू झाला.

दुसरे उदाहरण पुन्हा बोरघाटाचेच, पण रस्त्याचे. मुंबई–पुणे द्रुतगती मार्गासाठी खासगी कंपनीची सर्वांत कमी निविदा ३,६०० कोटींची आली, तेव्हा सरकारने ती नाकारली आणि १९९६ मध्ये स्थापन केलेल्या राज्य रस्ते विकास महामंडळाकडे काम सोपवले. महामंडळाने सरकारी हमीवर बाजारातून पैसा उभा केला आणि रस्ता सुमारे १,६३० कोटींत झाला. २००४ मध्ये पुढच्या १५ वर्षांच्या टोलचा हक्क ९१८ कोटींना देऊन एकरकमी पैसा उचलला. उद्याचा पैसा आज वापरण्याची ही रीत चांगली की वाईट, यावर आपल्या बॅचच्या ग्रुपवर बरीच खडाजंगी झाली आहे, ती इथे नको. एवढेच सांगतो, की १८५६ ला आणि १९९८ ला कातळ तोच होता. बदलला होता पैसा येण्याचा क्रम.

पण साखळीचे खालचे टोक अजून सैलच आहे. १९३६ पासून २०२५ पर्यंत वेतन प्रदान कायदा होता, त्यात मजुरी देण्याची मुदत ठरलेली होती. तो बांधकाम मजुराला मजुरी वेळेवर द्यायला सांगत होता, ते योग्यच होते. पण ज्याने ती द्यायची त्याचे बिल वर्षभर अडले तर काय? २०२५ मध्ये महाराष्ट्रभर कंत्राटदारांनी थकलेल्या देयकांसाठी आंदोलने केली. बातम्यांत कोटींचे आकडे होते. त्या आकड्यांच्या खाली किती मुकादम आणि किती टोळ्या होत्या, ते कुठल्याच बातमीत नव्हते.

घर घेणाऱ्यांसाठी मात्र एक चांगली गोष्ट झाली. २०१६ च्या रेरा कायद्याने बिल्डरला ग्राहकांकडून आलेल्या पैशातला ७० टक्के भाग त्या प्रकल्पाच्या स्वतंत्र खात्यात ठेवायला लावला. एका इमारतीचे पैसे दुसऱ्या जागेच्या खरेदीत घालायचे आणि पहिली इमारत अर्धवट ठेवायची, हा जुना खेळ होता. आपल्यातल्या काही जणांनी त्यात आयुष्याची पुंजी अडकलेली पाहिली आहे. कायद्याने सांगितलेली गोष्ट जुन्या ठेकेदारांना ठाऊक होतीच : एका साइटचा पैसा दुसऱ्या साइटला लावायचा नाही. मी प्रत्येक कामाची वही वेगळी ठेवतो आणि दोन महिन्यांची मजुरी बाजूला पडल्याशिवाय नवे काम घेत नाही. त्यामुळे माझी कामे थोडी आहेत, पण शनिवार चुकलेला नाही.

आपल्या बॅचमधले कितीतरी जण आज बँकेत, लेखा विभागात, नगरपालिकेत, जिल्हा परिषदेत आहेत. काही जण आता घर बांधायला काढतील. त्यांना माझे एवढेच सांगणे आहे. बिलात चूक असेल तर जरूर काढा, काम वाईट असेल तर खुशाल नाकारा. पण जे तपासून बरोबर ठरले आहे ते टेबलावर ठेवू नका. फाइलवर ज्याचे नाव असते तो ठेकेदार असतो, पण ती थांबली की थांबतो तो शेवटच्या पायरीवरचा माणूस, आणि त्याचे नाव कुठल्याच फाइलवर नसते.