मिनिटे, सेकंद आणि आपली मुले

आपल्या मंडळाच्या वार्षिक संमेलनात एक कार्यक्रम दरवर्षी मोठ्या उत्साहाने पार पडतो. शिरूर व दौंड या दोन्ही तालुक्यांतील ज्या मुलांनी शाळेच्या अथवा गावच्या यात्रेतील शर्यतींत व कुस्त्यांत यश मिळविले असेल, त्यांना व्यासपीठावर बोलावून हार व श्रीफळ देण्यात येते. आईबापांचे डोळे पाणावतात. टाळ्या वाजविणाऱ्यांत प्रस्तुत लेखकही असतोच. परंतु त्या वेळी हटकून एक जुनी हकीकत आठवते. ती ज्ञातिबांधवांपुढे ठेवावी एवढ्याच हेतूने हा लेखनप्रपंच केला आहे.

गोष्ट सन १९१९ ची. पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने भरविलेल्या शर्यतींस सर दोराबजी टाटा उपस्थित होते. धावणारे बहुतेक शेतकऱ्यांचे पुत्र. पायांत वहाण नाही, अंगात शास्त्रशुद्ध तालमीचा संस्कार नाही. खडीच्या, चढउताराच्या रस्त्यांवर अनवाणी धावण्याची मात्र जन्माची सवय. अखेरीस सुमारे पंचवीस मैलांची लांब दौड झाली. तिला मॅरेथॉन असे भारदस्त नाव दिलेले होते. दोराबजींचे तरुणपण इंग्लंडातील क्रीडांगणांवर गेलेले. या मुलांच्या धावण्यास वळण नसले, तरी त्यांनी घेतलेला वेळ युरोपातील धावपटूंच्या पंक्तीस बसण्याजोगा आहे, हे त्यांच्या अनुभवी नजरेने टिपले. पुढल्याच वर्षी बेल्जमातील अँटवर्प येथे ऑलिंपिक सामने भरणार होते. तेथे ही मुले पाठवावीत ही कल्पना त्यांनी मुंबईचे गव्हर्नर सर जॉर्ज लॉइड यांच्यापुढे मांडली.

येथवर सारे अभिमानास्पदच आहे. पण तयारीचा विचार सुरू झाला तेव्हा जिमखान्याच्या एका प्रमुख सभासदास विचारण्यात आले, की शंभर मीटरच्या शर्यतीत उतरावयाचे तर किती वेळात धावावे लागेल? गृहस्थांनी उत्तर दिले, “एक ते दोन मिनिटे.” हा हिशेब मिनिटांचा नसून सेकंदांचा, किंबहुना सेकंदाच्या दशांशाचा असतो असे कळले, तेव्हा ते थक्क झाले. अँटवर्पला ती शर्यत जिंकणाऱ्या अमेरिकेच्या चार्ली पॅडॉकने १०.८ सेकंद घेतले होते.

ही हकीकत सांगितली की लोक हसतात. हसावे; पण चूक कोणाची होती हेही पाहावे. अनवाणी मुलगा आपल्या परीने उत्तमच धावत होता. जगाचे माप ठाऊक नव्हते ते कडेला उभे राहून शाबासकी देणाऱ्या वडीलधाऱ्यांना. तरुणांच्या फाजील आत्मविश्वासाबद्दल आपण व्याख्याने देतो. तो त्यांच्या अंगी येतो कोठून, याचा शोध मात्र आपण घेत नाही.

अखेर सहा जणांची निवड झाली. त्यांतील बेळगावकडील फडेप्पा दरेप्पा चौगुले हा तरुण मॅरेथॉनमध्ये उतरला. त्या वर्षीचे अंतर ४२.७५ किलोमीटर होते. आपल्या वाचकांस समजेल असे सांगावयाचे तर, डेक्कन जिमखान्यावरून नगर रस्त्यास लागलेला माणूस इतके चालून गेला तर शिक्रापूरच्या आसपास पोहोचेल; सोलापूर रस्ता धरील तर यवतच्या. फिनलंडच्या कोलेमायनेनने ते अंतर २ तास ३२ मिनिटांत तोडले; चौगुले २ तास ५० मिनिटांत आला व त्याचा क्रम एकोणिसावा लागला. कुस्तीगीर रणधीर शिंदे आपल्या वजनी गटात चौथा आला. पदक एका पायरीने हुकले. इतरांची मजल फार गेली नाही. पण आपण जगाच्या किती मागे आहोत हे त्या सहांनी प्रथमच आकड्यांत घरी आणले, आणि मला वाटते, खरी कमाई ती.

कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव १९४८ साली लंडनला गेले तेव्हा त्यांच्याही वाट्यास असाच अनुभव आला. तांबड्या मातीत वाढलेला हा मल्ल तेथे गादीवर उतरला आणि सहावा आला. एखाद्याने परत येऊन पंचांना, हवेला किंवा नशिबाला बोल लावला असता. खाशाबांनी सहावा क्रमांक हेच आपले माप मानले, व पुढली चार वर्षे गादीवरच्या कुस्तीचा कसून सराव केला. १९५२ च्या हेलसिंकीच्या खर्चासाठी त्यांच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचे घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले. तेथून खाशाबांनी जे कांस्यपदक आणले, ते स्वतंत्र भारताचे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक ठरले. खर्डेकरांनी हार घातले असतील नसतील. घर गहाण टाकले, हे मला अधिक मोलाचे वाटते.

आता थोडे स्वतःविषयी. शाळेत असताना तालुक्याच्या शर्यतीत मी पहिला आलो होतो. घोडनदीच्या बाजारपेठेतून मला मिरवीत नेले, वडिलांनी पेढे वाटले. महिन्याभराने पुण्यास जिल्ह्याच्या शर्यतीत उतरलो, तेव्हा माझ्यामागे फक्त दोघे होते. घरी येऊन आईस सांगितले, मैदान निसरडे होते. मैदान कोरडे ठणठणीत होते! तालुक्यास मी किती वेळात धावलो हे मला कोणी सांगितले नव्हते, आणि मीही विचारले नव्हते.

आज दौंडला राज्य राखीव पोलीस दलाच्या छावणीकडे पहाटे फेरफटका मारला, तर भरतीच्या आशेने धावणारी पोरे रस्तोरस्ती दिसतात. पोलीस भरतीला सोळाशे मीटर, राखीव दलाला पाच किलोमीटर. तेथे गुण मिळतात ते घड्याळाप्रमाणे. यात्रेत फेटा कोणी बांधला होता हे कोणी विचारीत नाही. आपल्यातीलच एक गुणी मुलगा थोडक्या सेकंदांसाठी दोनदा मागे राहिला. दोन्ही वर्षी आपण त्याचा सत्कार केला होता. त्याच्या वडिलांनी मला विचारले, “एवढा पहिला येणारा पोरगा, मग घोडे अडले कोठे?” मजपाशी उत्तर होते, पण ते देताना मान वर करवेना.

सत्कार बंद करावेत असे माझे म्हणणे नाही. मंडळाच्या क्रीडा-वहीत आजवर विजेत्याचे नाव, गाव व वडिलांचे नाव अशी तीनच रकाने होती. यंदा कार्यकारिणीच्या संमतीने चौथा रकाना आखला आहे, वेळेचा. दोन स्टॉपवॉच विकत घेतली आहेत; एक शिरूरच्या शाखेकडे आहे, दुसरे दौंडच्या.