किलोज्यूलपासून मेगाज्यूलपर्यंत

1977 साली अमेरिकेतील लिव्हरमोर प्रयोगशाळेत 'शिवा' नावाचा लेसर सुरू झाला. त्याच्या वीस शलाका एकाच गोळीवर रोखलेल्या असत. अनेक हातांचा देव म्हणून हे नाव. (वीस हात आपल्याकडे रावणाचे, पण ते असो.)

मूळ कल्पना जॉन नकोल्स यांची. ड्यूटेरिअम व ट्रिटिअम यांची बारीक गोळी लेसरने तापवली, की तिचा पृष्ठभाग बाहेर उडतो आणि प्रतिक्रियेने उरलेला भाग आत दाबला जातो. तत्त्व अग्निबाणाचेच. 1972 साली नकोल्स व सहकाऱ्यांनी 'नेचर'मध्ये लिहिले, की हायड्रोजन अशा रीतीने द्रवाच्या दहा हजार पटींहून अधिक घन करता येईल. संमीलन पेटवण्यास सुमारे 1 किलोज्यूल पुरेल, असा त्यांचा अंदाज होता.

'शिवा'जवळ त्याच्या दसपट ऊर्जा होती. तरी इंधन हवे तितके दबले नाही. त्याच्या अवरक्त प्रकाशामुळे गोळीभोवतीचे काही इलेक्ट्रॉन अतिवेगवान होत आणि आत शिरून इंधन आधीच तापवत. तापलेला वायू दाबणे अवघड, हे सांगायला नकोच. म्हणून 1984 च्या 'नोव्हा' लेसरमध्ये स्फटिकांच्या साहाय्याने अवरक्ताचे अतिनील किरण केले गेले. हा दोष बराच आटोक्यात आला, दुसरा उरला.

तो समजण्यासाठी वर्गातला एक प्रयोग आठवावा. पाण्याने भरलेल्या पेल्यावर कागद ठेवून पेला उपडा धरला, तर पाणी सांडत नाही. कागद काढला की सांडते. हवेचा दाब तर तेवढाच असतो! मग कागद काय करत होता? तो पाण्याचा पृष्ठभाग सपाट राखत होता. तो निघताच बारीक लाटा उठतात, भराभर वाढतात. हलकी हवा वर घुसते, जड पाणी खाली येते. रॅले आणि टेलर यांच्या नावाने ही अस्थिरता ओळखली जाते. गोळीतही विरळ, तप्त वायू दाट कवचाला ढकलत असतो. कवचावरचा सूक्ष्म उंचवटाही वाढत जाऊन कवच फाटू शकते, आणि तेथे कागद लावण्याची सोय नाही.

प्रत्येक अपयशानंतर ऊर्जेचा अंदाज वाढत गेला. 2009 मध्ये पूर्ण झालेल्या 'नॅशनल इग्निशन फॅसिलिटी'त 192 शलाका आहेत. तिचा मुख्य हेतू अण्वस्त्रांचा अभ्यास हा होता, वीजनिर्मिती नव्हे; हे बातम्यांत सहसा येत नाही. 5 डिसेंबर 2022 रोजी तेथे 2.05 मेगाज्यूल प्रकाश देऊन 3.15 मेगाज्यूल ऊर्जा मिळाली. लेसर चालवण्यासाठी मात्र सुमारे 300 मेगाज्यूल वीज खर्ची पडली होती.