नाळ कापायची घाई नाही

साल 1955, श्रावणातली रात्र. माणिकगडच्या डोंगरापायथ्याशी, कोरपन्याजवळच्या एका गुड्यावर, म्हणजे आदिवासी वस्तीवर, तुम्ही उभे आहात. सिमेंटचे कारखाने यायला अजून पंचवीस-तीस वर्षं आहेत. इथला राजुरा तालुका हैदराबाद राज्यात, आदिलाबाद जिल्ह्यात मोडतो. पुरुषमंडळी बाहेर ओट्यावर बिड्या ओढत बसली आहेत आणि तुमच्या हातात कुणीतरी रॉकेलची चिमणी दिली आहे. ती नीट धरा. आजची रात्र लांबणार आहे.

आढ्याला बैलाचा कासरा बांधलाय. तो दोन्ही हातांनी धरून पोर उकिडवी बसली आहे. तिच्या पाठीला जावेच्या गुडघ्यांचा आधार आहे. समोर सुईण. गुडा तिला बुढीमाय म्हणतो. मोहाच्या बियांचं तेल तळव्यावर चोळून ती पोटावर हात ठेवते आणि डोळे मिटते. घड्याळ नाही, कळ कधी चढते, कधी उतरते, हे हातालाच कळतं. पोर ओरडली की ती दटावत नाही. "आत्ताच जोर नको लावू वं पोरी, वेळ हाये," एवढंच म्हणते आणि गरम पाण्यात पिळलेलं फडकं कमरेला लावते. मग पुन्हा बसून राहते. तिच्या कामाचा मोठा भाग म्हणजे हे बसून राहणं. तुमचे पाय अवघडतात, चिमणीचा धूर डोळ्यांत जातो, ती मात्र हलत नाही.

पहाटे बाळ येतं, रडतं. तुम्हाला वाटतं, आता नाळ कापतील. बुढीमाय बाळाला पुसून आईच्या अंगाशी देते आणि वाट पाहते. "वार पडू दे पयले." ही तिच्या सासूकडून आलेली रीत. बाळाला थोडं रक्त नाळेतून मिळू द्यावं, नाळ निदान मिनिटभर तरी कापू नये, असं जागतिक आरोग्य संघटना आज सांगते.

पण आता चिमणी जरा पुढे करा. वार पडली. बुढीमाय कोपऱ्यातला विळा उचलते, लुगड्याच्या काठाला पुसते. कालच त्याने गोठ्यातलं गवत कापलं होतं. शेणामातीत धनुर्वाताचे जंतू असतात हे या घरात कुणाला ठाऊक नाही. कुठल्यातरी घरी आठवडाभरात बाळ दूध ओढायचं थांबेल, जबडा घट्ट होईल आणि गाव म्हणेल, बाहेरची बाधा झाली.

वार पडलीच नसती तर? किंवा पडूनही रक्त थांबलं नसतं तर? बाळंतिणीचा रक्तस्राव दोन तासांत जीव घेऊ शकतो. बाहेर काळ्या मातीत बैलगाडीची चाकं आसापर्यंत रुतलेली, नाल्याला पूर आणि चांद्याच्या (आजच्या चंद्रपूरच्या) वाटेवर आडवी वर्धा नदी. बुढीमायकडे ओटीपोट दाबणं आणि देवाचं नाव घेणं, एवढेच उपाय. जुन्या सुइणींचं कौतुक करणाऱ्यांनी या दोन तासांत इथे उभं राहून पाहावं. घरच्या बाळंतपणाची हौस मला अजिबात नाही.

पुढे सरका. 1977 नंतर सरकार दायांना मोठ्या प्रमाणावर प्रशिक्षण देऊ लागलं. साबण, ब्लेड, दोरा पेटीतून हातात आले. विळ्याचा प्रश्न यातून सुटू लागला. रक्तस्रावाचा सुटला नाही.

आता 1996, गडचिरोली जिल्हा. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च'चं काम चाललेल्या 39 गावांपैकी एका गावात तुम्ही आहात. बाळंतपण घरीच आहे, पण दाईशेजारी गावातलीच थोडी शिकलेली एक आरोग्यदूत बसली आहे. दाई आईकडे पाहते, ही बाळाकडे. बाळ रडत नाही. ती तोंड-नाक साफ करते, नळी-मुखवटा लावून फुंकते, छाती हलते का पाहते. वजन करते, गुंडाळते, पुढचे दिवस घरी येत राहते. कामाच्या तिसऱ्या वर्षी या गावांत नवजात बालमृत्यूचं प्रमाण हजारी 25.5 होतं, शेजारच्या, हे काम नसलेल्या गावांत 59.6. 1999 मध्ये हे 'लॅन्सेट'मध्ये छापून आलं. 2011 पासून देशभरच्या आशाताई नवजात बाळासाठी घरी येतात, त्याचं मूळ या गावांत आहे. डॉक्टर जिथे पोचत नाही तिथे गावच्याच बाईला हुशार समजून शिकवलं, की एवढं होतं.

आणि हा आज. कोरपना तालुक्यातला सरकारी प्रसूतीकक्ष. लख्ख दिवे, निर्जंतुक केलेली कात्री, रक्तस्राव रोखायचं इंजेक्शन, बाहेर 108ची गाडी. चंद्रपूर पन्नास-साठ किलोमीटर, पण डांबरी रस्त्याने. महाराष्ट्रातली जवळजवळ 95 टक्के बाळंतपणं आता दवाखान्यात होतात. हे उत्तम झालं. मात्र टेबलावरची पोर पहा. उताणी झोपवलेली, पाय अडकवलेले, भोवती अनोळखी माणसं. गोंडी किंवा कोलामी बोलणारी असेल तर प्रश्नही अर्धे कळलेले. नर्स एकटी, तिच्यामागे तीन कागद आणि दोन पेशंट. आई दाराबाहेर. दवाखान्याने विळा बाहेर ठेवला हे बरंच केलं, पण त्यासोबत बसून राहणारी बाईही बाहेर ठेवली.

याला उपाय आहे. सीमेपलीकडे तेलंगणाने 2017 मध्ये करीमनगरपासून नर्सना पूर्णवेळ मिडवाइफ म्हणून घडवायला सुरुवात केली. केंद्रानेही 2018 मध्ये दीड वर्षाच्या प्रशिक्षणाचं धोरण आणलं. कोरपना, जिवतीसारख्या तालुक्यांना अशा मिडवाइफ सर्वांत आधी मिळायला हव्यात, कारण इथे रात्री डॉक्टर मिळणं सर्वांत अवघड.

तोवर तुमच्या घरी कुणाचे दिवस भरत आले असतील, तर दवाखाना आत्ताच ठरवा, गाडीचा नंबर भिंतीवर लिहा, रक्त कुठे मिळेल ते आशाताईला विचारून ठेवा. आणि प्रसूतीकक्षाच्या दाराशी अडवलं तर सांगा: बाळंतिणीसोबत घरची एक बाई आत राहू द्यायला केंद्राच्या आरोग्य खात्याने 2016 मध्येच परवानगी दिली आहे.