मुखावरील चिन्हे आणि मनातील भाव : ‘रसमंजरी’च्या संदर्भात अहमदनगर परिसराचा विचार

प्रस्तावना
मुखचर्येवरून मनोभाव ओळखण्याच्या आधुनिक अभ्यासाचा आरंभ सामान्यतः चार्ल्स डार्विन यांच्या १८७२ मधील ग्रंथापासून मानला जातो. भारतीय परंपरेत मात्र हा विचार भरताच्या नाट्यशास्त्राइतका जुना आहे. या परंपरेचे दोन दुवे अहमदनगर (आजचा अहिल्यानगर) जिल्ह्याशी निगडित आहेत. त्यांचा परामर्श येथे घेतला आहे.

भानुदत्ताचा प्रश्न
मिथिलेचा पंडित भानुदत्त याने ‘रसमंजरी’ व ‘रसतरंगिणी’ हे ग्रंथ रचले. स्तंभ, स्वेद, रोमांच, स्वरभंग, कंप, वैवर्ण्य, अश्रू व प्रलय हे आठ सात्त्विक भाव भरताने सांगितले; ‘रसतरंगिणी’त भानुदत्ताने त्यांत जृंभेची, म्हणजे जांभईची भर घातली. ‘रसमंजरी’तील एका श्लोकात ही लक्षणे एकाच स्त्रीच्या ठायी एकवटली आहेत. तिचा स्वर अडखळतो, डोळे भरून येतात, ओठ कापतात, गाल फिके पडतात. ही लक्षणे सांगून श्लोक एका प्रश्नावर संपतो : राजमार्गावरून जाणारा निजाम राजा हिच्या दृष्टीस पडला काय? हा राजा १४९० मध्ये स्वतंत्र झालेल्या अहमदनगरच्या निजामशाहीचा असावा, असे मत अभ्यासकांनी मांडले आहे.

येथे कवी निर्णय देत नाही, प्रश्न विचारतो, हे लक्षणीय आहे. अश्रू आनंदाने, शोकाने, भयाने, तसेच धुरानेही येतात, आणि घाम श्रमाने किंवा उष्म्यानेही फुटतो, हे भरतानेच नोंदविले आहे. म्हणून लक्षणास अर्थ येतो तो विभावामुळे, म्हणजे भावाच्या कारणामुळे. श्लोकातील राजमार्ग व राजा वगळले, तर तीच लक्षणे ज्वराचीही ठरू शकतील.

पुणतांब्याचा टीकाकार
‘रसमंजरी’वर ‘व्यंग्यार्थकौमुदी’ ही टीका लिहिणारा अनंत पंडित मूळचा गोदातीरावरील पुण्यस्तंभ, म्हणजेच राहाता तालुक्यातील पुणतांबे येथील होय. ही टीका त्याने १६३६ मध्ये काशीत पूर्ण केली. टीकेच्या नावातच तिची दृष्टी आहे : वरवर दिसते त्यापलीकडील सूचित अर्थ उलगडणे. असा अर्थ वक्ता, श्रोता व प्रसंग यांचे भान ठेवूनच लागतो.

समारोप
आज संगणकाद्वारे चेहऱ्यावरून भावना ओळखण्याचे प्रयत्न होत आहेत. परंतु केवळ मुखाकृतीवरून भावनेचा खात्रीशीर निष्कर्ष काढता येत नाही, असे लिसा फेल्डमन बॅरेट व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१९ मधील विस्तृत समीक्षेत दाखविले. युरोपीय संघाच्या २०२४ च्या कायद्याने कार्यालयांत व शिक्षणसंस्थांत अशा प्रणालींचा वापर, वैद्यकीय व सुरक्षाविषयक अपवाद वगळता, निषिद्ध ठरविला. वर्गातील विद्यार्थ्याची जांभई हे कंटाळ्याचे लक्षण की रात्रपाळीच्या श्रमाचे, हे यंत्राला केवळ चेहरा पाहून सांगता येणार नाही. त्यासाठी विद्यार्थ्याची परिस्थिती जाणणारा अध्यापकच हवा. लक्षण पाहावे, पण कारण विचारल्यावाचून निर्णय देऊ नये, हा या जुन्या शास्त्रचर्चेचा बोध आजही उपयुक्त आहे.