टीडीएस मीटरचा आकडा काय सांगतो आणि काय लपवतो? नळ, बोअर आणि आरओची पूर्ण माहिती

मी यवतमाळ जिल्ह्यातल्या उमरखेड तालुक्यातल्या ढाणकीचा. सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे म्हटल्यावर गावाकडून मोबाईल-लॅपटॉपचे प्रश्न येतातच. पण हल्ली व्हॉट्सॲपवर एक फोटो जास्त येतो. टीडीएस मीटरची स्क्रीन, त्यावर एक आकडा आणि खाली प्रश्न: "दादा, एवढा आला, आरओ घ्यायचा का?"

या प्रश्नाचं उत्तर त्या फोटोत नसतं. का नसतं आणि ते कुठे मिळतं, ते बघू.

टीडीएस मीटर नेमकं काय मोजतं?

टीडीएस म्हणजे पाण्यात विरघळलेले एकूण घटक. पण पेनासारखं दिसणारं हे मीटर ते घटक मोजतच नाही. त्याच्या टोकाला दोन इलेक्ट्रोड असतात. पाण्यातून वीज किती सहज वाहते ते मीटर बघतं, त्या आकड्याला साधारण ०.५ ते ०.७ ने गुणतं आणि उत्तर पीपीएममध्ये दाखवतं. एक पीपीएम म्हणजे एका लिटरमागे एक मिलिग्रॅम.

म्हणजे विरघळलेले क्षार किती, याचा अंदाज मिळतो. ते क्षार कोणते, हे कळत नाही. जंतू आणि बहुतेक कीटकनाशकं तर या मोजणीत येतच नाहीत. गटाराचं पाणी शिरलेल्या पाईपलाईनचा टीडीएस २५० येऊ शकतो आणि चांगल्या विहिरीचा ६००.

जड पाणी: त्रास कुठे होतो?

जड पाणी म्हणजे शाळेच्या पुस्तकातलं दुष्फेन पाणी. त्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियम जास्त असतं. आपल्याकडे जमिनीखाली बहुतेक काळा बेसॉल्ट खडक आहे. पाणी त्याच्या भेगांतून मुरतं, तेव्हा हे दोन्ही घटक सोबत घेतं. म्हणून बोअरचं पाणी सहसा नदी-धरणाच्या पाण्यापेक्षा जड असतं.

घरात त्याचा परिणाम असा दिसतो:

- डाळ: कॅल्शियम डाळीतल्या पेक्टिनला धरून ठेवतं, म्हणून तुरीची डाळ शिजायला वेळ लागतो. पाणी दहा मिनिटं उकळून, गार करून, खाली बसलेला पांढरा गाळ सोडून वरचं पाणी वापरा. जडपणाचा काही भाग कमी होतो, सगळा नाही.
- गिझर: कॉईलवर पापुद्रा चढतो. तो उष्णता नीट जाऊ देत नाही. वीज जास्त लागते आणि कॉईल लवकर जाते.
- साबण: फेस होत नाही, बादलीला पांढरट थर बसतो.
- कूलर: इथे हिशोबच करा. पाणी उडून जातं, क्षार मागे राहतात. पाण्याचा टीडीएस ६०० असेल आणि कूलर दिवसाला ५० लिटर पाणी पीत असेल, तर रोज ३० ग्रॅम क्षार मागे राहतात. ९० दिवसांच्या उन्हाळ्यात २.७ किलो! म्हणून गवताच्या पॅड दगडासारख्या होतात. टाकी नुसती भरत राहू नका, दर दोन-तीन दिवसांनी पूर्ण रिकामी करा.

नळाच्या तोटीवरचा पांढरा थर व्हिनेगर किंवा लिंबूसत्वाने निघतो.

घरच्या घरी ओळखायचं असेल तर एका बाटलीत पावसाचं पाणी, दुसरीत बोअरचं पाणी घ्या. दोन्हींत अंगाच्या साबणाचा सारखाच तुकडा टाकून हलवा. फेसातला फरक दिसेल. कपड्याची पावडर वापरू नका, ती जड पाण्यातही फेस करते.

आता महत्त्वाचं. हा सगळा त्रास पैशाचा आणि वेळेचा आहे. जागतिक आरोग्य संघटनेने पाण्याच्या जडपणासाठी आरोग्याच्या कारणावरून कोणतीही मर्यादा ठरवलेली नाही.

खरी काळजी कशाची?

यवतमाळ, शेजारचा नांदेड आणि चंद्रपूर या जिल्ह्यांत अनेक गावांच्या भूजलात फ्लोराईड आढळलेलं आहे. ते जास्त असेल तर मुलांच्या दातांवर पिवळे-तपकिरी पट्टे येतात आणि वर्षानुवर्षं तेच पाणी प्यायल्यास हाडं-सांधे आखडतात. हे नुकसान नंतर भरून येत नाही.

गंमत बघा. पाण्यात कॅल्शियम भरपूर असेल तर ते फ्लोराईडशी जुळून खाली बसतं. कॅल्शियम कमी असेल तर फ्लोराईड पाण्यातच विरघळलेलं राहतं. म्हणजे छान फेस येणाऱ्या मऊ पाण्यात फ्लोराईड जास्त असू शकतं! आणि लिटरमागे २ मिलिग्रॅम फ्लोराईड असलं, तरी टीडीएसच्या आकड्यात त्याने जेमतेम २ ची भर पडते. मीटरला ते कळणारच नाही.

दुसरा घटक नायट्रेट. युरिया, शोषखड्डे आणि गोठे यांतून ते झिरपतं. जास्त नायट्रेटमुळे तान्ह्या बाळाच्या रक्ताची ऑक्सिजन वाहण्याची ताकद कमी होते. फ्लोराईड आणि नायट्रेट, दोन्ही उकळून जात नाहीत. उलट पाणी आटल्यावर त्यांचं प्रमाण वाढतं.

'पाणी काळं झालं' हा खेळ

काही विक्रेते घरी येऊन दोन ग्लासांत विजेच्या सळया बुडवतात. नळाचं पाणी तपकिरी-काळं होतं, आरओचं तसंच राहतं. घरातले घाबरतात. खरं तर तो रंग सळईच्या लोखंडाचा असतो. क्षार असलेल्या पाण्यातून वीज वाहते आणि सळई झिजते. आरओच्या पाण्यातून वीज फारशी वाहतच नाही. विक्रेत्यालाच सांगा, त्याच्या आरओच्या ग्लासात चिमूटभर मीठ टाकून पुन्हा दाखव. तेही तसंच काळं होईल.

कोणते आकडे बघायचे?

भारतीय मानक आयएस १०५००:२०१२ नुसार, लिटरमागे मिलिग्रॅममध्ये:

- टीडीएस: ५००, दुसरा स्रोत नसल्यास २००० पर्यंत
- जडपणा: २००, दुसरा स्रोत नसल्यास ६०० पर्यंत
- फ्लोराईड: १.०, दुसरा स्रोत नसल्यास १.५ पर्यंत
- नायट्रेट: ४५, सूट नाही
- ई. कोलाय: १०० मिलिलिटरमध्ये शून्य

तपासणी कुठे करायची?

राज्यातल्या जिल्हा आणि उपविभागीय पाणी तपासणी प्रयोगशाळा भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेकडे आहेत. तिथे फी भरून खासगी नमुनाही देता येतो. जाण्याआधी फोन करून फी आणि वेळ विचारा. "पाणी तपासा" एवढंच म्हणू नका, वरच्या पाचही तपासण्या नावाने मागा. नळ आणि बोअर दोन्ही असतील तर दोन वेगळे नमुने द्या. बाटली त्याच पाण्याने दोन-तीनदा खळाळून घ्या. जंतूंच्या तपासणीसाठी मात्र निर्जंतुक बाटली प्रयोगशाळेतूनच आणा, ती खळाळू नका आणि नमुना लगेच पोचवा. बोअरचं पाणी एकदा मे महिन्यात आणि एकदा पावसाळ्यानंतर तपासलेलं बरं.

रिपोर्ट आल्यावर काय घ्यायचं?

- फक्त जंतू: पाणी उकळा किंवा यूव्ही फिल्टर घ्या. आरओची गरज नाही.
- फक्त जडपणा, टीडीएस ५०० च्या आत: आरओ नको. २०१९ मध्ये राष्ट्रीय हरित लवादानेही अशा पाण्यासाठी आरओवर बंदी घालायला केंद्र सरकारला सांगितलं होतं.
- फ्लोराईड किंवा नायट्रेट मर्यादेबाहेर: टीडीएस कमी असला तरी पिण्यासाठी आणि स्वयंपाकासाठी आरओ घ्या. फक्त फ्लोराईड असेल तर ॲक्टिव्हेटेड ॲल्युमिनाचा फिल्टरही चालतो. गावपातळीवर नागपूरच्या नीरीने विकसित केलेली, तुरटी आणि चुना वापरणारी नालगोंडा पद्धतही आहे.

घरगुती आरओ एक लिटर पाण्यामागे साधारण तीन लिटर बाहेर टाकतो. उन्हाळ्यात टँकरची वाट बघणाऱ्या गावात हे परवडत नाही. ते पाणी फरशी पुसायला आणि संडासात वापरा. फ्लोराईडसाठी आरओ घेतला असेल तर ते जनावरांना पाजू नका, त्यात फ्लोराईड आणखी वाढलेलं असतं.

तर पुढच्या वेळी आरओबद्दल विचारताना मीटरचा फोटो नको, प्रयोगशाळेच्या रिपोर्टचा फोटो पाठवा. घरात लहान मूल असेल तर फ्लोराईड आणि नायट्रेटच्या ओळी आधी वाचा.